लाल बावट्याच्या दारावरचं कुलूप

मी कुलूप आहे, आणि माझा कुणावरही विश्वास नाही. ही फुशारकी नव्हे. आमच्या जातीचा तो जन्मापासूनचा स्वभाव आहे. ज्या घरात सगळ्यांचा सगळ्यांवर भरवसा असतो, त्या घरात आम्हाला कुणी विकत नेत नाही.

मला अलीगढच्या एका कारखान्यात बनवलं. पितळेचं अंग, पोलादाची कडी, आणि दोन चाव्या. तिथून खोक्यात बसून मी लातूरला आलो आणि गंजगोलाईतल्या एका लोखंडी सामानाच्या दुकानात खिळ्याला टांगलेला राहिलो. १९९३ च्या उन्हाळ्यात दोन माणसं मला घ्यायला आली.

एक उंच, धोतर-सदऱ्यातला, आवाज एवढा मोठा की दुकानदारानं रेडिओ बारीक केला. हे कॉम्रेड शेषेराव, रेणापूरकडचे शेतकरी आणि पक्षाचे जिल्हा सेक्रेटरी. दुसरा बुटका, जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात कपडे मापायची टेप. हे गुलाम रसूल. धंद्यानं शिंपी, पण मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, हमालांच्या युनियनचे पुढारी. सगळे त्यांना रसूलभाई म्हणत.

"मजबूत दाखवा," शेषेराव म्हणाले.

"ऑफिसात काय हाय वो एवढं?" दुकानदारानं विचारलं.

"दोन सतरंज्या, झेंडे अन् एक भोंगा."

"मग कुलूप कशाला?"

रसूलभाई हसले. "आतलं बोलणं बाहेर जाऊन राहिलंय, शेठ. त्याला कोंडायचंय."

झालं असं होतं. पक्षाच्या बंद बैठकीत शेषेराव म्हणाले होते, 'मुंबईच्या कॉम्रेडांच्या हातात उसाचं अन् ज्वारीचं धाट दिलं, तर चावल्याबिगर कळायचं न्हाई.' दोन दिवसांनी हे वाक्य जसंच्या तसं एका सायंदैनिकात आलं. मुंबईहून फोन आला. शेषेरावांची मान खाली गेली, आणि वर आली ती प्रत्येकाकडं बारीक डोळ्यांनी बघतच. कुणीतरी फुटलं होतं. कोण, ते कळत नव्हतं. बोलणं तोंडातून गेलं होतं, आणि कुलूप आणलं दाराला.

पक्षाचं ऑफिस म्हणजे चंद्रप्पांच्या इमारतीतली खालची लांबट खोली. बाहेर तीन पायऱ्या, वर चंद्रप्पांचं गोदाम. चंद्रप्पा निलंग्याकडचे लिंगायत व्यापारी, त्यांना पक्षाशी काही देणंघेणं नव्हतं. लोक त्या खोलीला लाल बावट्याचं ऑफिस म्हणत. तोवर तिथं नुसती कडी होती. खेड्यातून कचेरीच्या कामाला आलेला माणूस कडी काढून आत जाई, सतरंजी ओढून आडवा होई. मी लागलो त्या दिवशी असाच एक म्हातारा आला, माझ्याकडं बघत पायरीवर बसला आणि दुपारपर्यंत वाट बघून निघून गेला.

माझी एक चावी शेषेरावांनी तंबाखूच्या बटव्यात ठेवली. दुसरी रसूलभाईंनी टेपला बांधली. दोघांचं नातं जुनं होतं. बहात्तरच्या दुष्काळात दोघांनी एकाच रोजगाराच्या कामावर खडी फोडली होती, एकाच पातेल्यातली सरकारी सुकडी खाल्ली होती. जगासमोर ते 'कॉम्रेड' होते, एकमेकांना मात्र 'अरे-तुरे' करत. मी दिवसा कोयंड्यातच उघडा लोंबकळत असे, त्यामुळं आतलंही ऐकू येई आणि पायऱ्यांवरचंही.

सप्टेंबरच्या शेवटी, गणपती बुडवल्यानंतरच्या पहाटे, जमीन हलली. दार माझ्यावर आदळत राहिलं. उजाडल्यावर किल्लारीकडची गावं भुईसपाट झाल्याची बातमी आली. रसूलभाई पळत आले, मला काढलं आणि आतल्या खिळ्याला अडकवलं.

"आता हे लावायचं न्हाई," ते शेषेरावांना म्हणाले.

"न्हाई लावायचं," शेषेराव म्हणाले.

पुढचे कित्येक दिवस ते दार सताड उघडं होतं. कुणीही यावं, पीठ टाकून जावं, भांडी टाकून जावीत, घोंगड्या उचलून गाडीत भराव्यात. कोण आलं, कोण गेलं, कुणी विचारलं नाही. मला त्या दिवसांत फार बेचैन वाटे. एवढी उघडी माणसं मी पाहिली नव्हती.

त्याच दिवसांत भागवत आला. मूळचा लोह्याचा, शेतकऱ्याचा मुलगा, नांदेडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा. तो विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन आला आणि सरळ ढिगाऱ्यांवर गेला. परतला तेव्हा त्याच्या बोटांची नखं फाटली होती. शेषेरावांनी स्वतः त्याच्या हाताला चिंधी बांधली. "हे पोरगं लई मोठं होणार बघ, रसूल," ते म्हणाले. उमरीहून सिंधुताई आल्या होत्या, अंगणवाडीच्या बायकांच्या पुढारी. त्या गावांतल्या बायकांबरोबर तंबूत राहिल्या. लातूरला आल्या की चौघं त्या खोलीत जमिनीवर बसून एकत्र जेवत. पक्ष म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. पुढं ते विसरायला लावणारंच सगळं घडलं.

सुरुवात एका फोटोनं झाली. वर्तमानपत्रात भागवतचा फोटो आला, हातात फावडं, डोक्याला लाल रुमाल. खाली छापलं होतं, 'लाल बावट्याचा नवा चेहरा.' शेषेरावांनी पेपर बराच वेळ बघितला, मग घडी घालून बुडाखाली ठेवला.

"नवा चेहरा," ते रसूलभाईंना म्हणाले. "म्हंजे आपला जुना झाला का?"

"छापणाऱ्यानं छापलं, यार. तू कशाला मनावर घेतो?"

"छापायला सांगितलं कुणी, ते बघाय पायजे." जाताना त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि दाराला लावलं.

भागवतनं लातूरच्या कॉलेजात बदली करून घेतली. संध्याकाळी तो ऑफिसात हमालांच्या आणि शेतकऱ्यांच्या मुलांना फुकट शिकवू लागला. रसूलभाईंची मुलगी नाझनीन पहिल्या रांगेत बसे. तेव्हा सगळ्या लातूरलाच शिकवणीचं वेड लागत होतं. गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या चढत होत्या, उमरी-देगलूरपासूनची पोरं ट्रंका घेऊन खोल्या शोधत फिरत होती. भागवत उत्तम शिकवायचा. त्याच्याकडं गर्दी वाढली. तीच मुलं पक्षाच्या मोर्चाला येऊ लागली आणि घोषणा त्याच्याकडं बघून देऊ लागली.

पक्षाचं जिल्हा अधिवेशन जवळ आलं होतं. सेक्रेटरी पुन्हा शेषेराव, की आता भागवत, हा प्रश्न कुणी उघड विचारत नव्हतं. सगळे कुजबुजत होते. आणि दोघांच्या मध्ये सापडले रसूलभाई, कारण मोंढ्यातले हमाल त्यांच्या शब्दावर हात वर करणार होते.

ते गोलाईत भागवतबरोबर चहा पिताना दिसले, की शेषेरावांना वाटे, हा तिकडं गेला. ते हुरडा खायला रेणापूरला जाऊन आले, की भागवतला वाटे, हा म्हाताऱ्याचा कान आहे. मुलगी भागवतकडं शिकते, हा एका बाजूचा पुरावा. ईदचा शिरखुर्मा पहिला शेषेरावांच्या घरी जातो, हा दुसऱ्या बाजूचा. मी स्वतः संशयी, तरी मला कळेना, हा माणूस शत्रुत्व करतो तरी कधी?

एके दिवशी आणखी एक बातमी फुटली. अधिवेशनाआधीच्या बैठकीतली सगळी भांडणं सायंदैनिकात आली. शेषेराव तावातावानं आले.

"रसूल, चावी ठेव टेबलावर."

रसूलभाई बघत राहिले. "माझ्यावर शक घेतो तू?"

"शक न्हाई. शिस्त म्हण. एकच चावी राहू दे."

रसूलभाईंनी टेपची गाठ सोडवली. ती घट्ट बसली होती, बोटांनी निघेना, शेवटी त्यांनी दातांनी सोडवली. चावी टेबलावर ठेवली आणि ते आपल्या दुकानाकडं गेले.

बातम्या फुटायच्या थांबल्या नाहीत. आणि कुणामुळं, ते मला लवकरच कळलं. बैठक संपली की सायंदैनिकाचा वार्ताहर पायऱ्यांपाशी सहज आल्यासारखा उभा राहायचा. शेषेराव कुलूप लावायला शेवटी थांबायचे.

"काय कॉम्रेड, आज लई तापलं होतं म्हणं?"

"छापू नका बरं का," शेषेराव म्हणायचे, "आपलं माणूस म्हणून सांगतो." आणि मला हातात धरून, माझ्यासकट हातवारे करत, सगळं सांगायचे. कोण काय बोललं आणि आपण त्याला कसं गप्प केलं. आपण फुटलोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ऐकणारा माना डोलावतोय याचंच त्यांना सुख होतं.

एकदा सिंधुताई विसरलेली छत्री न्यायला परत आल्या आणि पाठीमागं उभ्या राहून त्यांनी हे सगळं ऐकलं. पुढच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगून टाकलं.

"बातमी फोडणारं माणूस सापडलं, कॉम्रेड. तुम्हीच हाव ते."

"मी? माझाच पक्ष मी फोडीन?"

"फोडला न्हाई तुम्ही. पायरीवर हुबं राहून बोलला. मी ऐकलं. ते उसाच्या धाटाचं बी तुम्हीच सांगितलं असणार त्याला, आवडलेलं वाक्य म्हणून."

शेषेरावांचा चेहरा उतरला. त्यांना आठवलं असावं. तेवढ्यात रसूलभाई हसले. "अरे शेषेराव, सगळ्या लातूरला ऐकू जाईल असा तुझा आवाज. त्याला कोंडायला आपण पितळेचं कुलूप आणलं!"

दोन-तीन जण हसले. शेषेरावांच्या मिशीखालीही काहीतरी हललं. आणखी एक क्षण मिळाला असता, तर ते स्वतःवर हसले असते आणि सगळं तिथंच मिटलं असतं, असं मला आजही वाटतं.

पण भागवत उठला. "हसण्यावारी नेऊ नका. सेक्रेटरीनं बैठक फोडणं हा शिस्तभंग आहे. यांनी राजीनामा द्यावा."

हसू जिथल्या तिथं विझलं. शेषेरावांनी सिंधुताईंकडं बघितलं, भागवतकडं बघितलं, आणि शेवटी रसूलभाईंकडं.

"आलं ध्यानात," ते हळू म्हणाले. "तिघांनी मिळून ठरवून केलंय."

"कॉम्रेड, मला कुणी शिकवून पाठवलं न्हाई," सिंधुताई म्हणाल्या. पण ते ऐकायला शेषेराव थांबले नव्हते.

अधिवेशन उदगीरला झालं. मी तिथं नव्हतो, दाराला होतो. ऐकलं ते असं, की हात मोजले गेले आणि दोन्ही बाजूंनी आपलीच मोजणी खरी धरली. रसूलभाईंनी हात वर केलाच नाही. "दोघं एका ताटात जेवा, मग करतो वर," असं ते म्हणाले म्हणे. त्यामुळं दोन्हीकडचे त्यांच्यावर चिडले. जिल्ह्याला दोन सेक्रेटरी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागवतची माणसं आली आणि त्यांनी माझ्या शेजारी, त्याच कोयंड्यात, एक काळं लोखंडी कुलूप अडकवलं. आता माझी चावी असलेल्याला त्याच्याशिवाय आत जाता येईना, आणि त्याची चावी असलेल्याला माझ्याशिवाय. ते कुलूप माझ्या अंगाला अंग लावून लटकलं. मी त्याच्याशी बोललो नाही, तेही माझ्याशी बोललं नाही.

महिने गेले. दारासमोर पानं साचली. आतले झेंडे, भोंगा, फळा, मुलांसाठी आणलेले खडू, सगळं आतच राहिलं. चंद्रप्पा येता-जाता म्हणत, "अय्यो, माणसं हायती का काय! भांडा की, पण दार उघडून भांडा." भागवतनं आपली शिकवणी दुसरीकडं मोठ्या जागेत हलवली.

मग ती सकाळ आली. मोंढ्यात ज्वारीच्या पोत्यांची थप्पी कोसळली आणि रामकिशन नावाचा हमाल खाली सापडला. कमरेतून निकामी झाला होता तो. अडत्यानं सांगितलं, हा आमचा माणूसच नाही. सगळ्या हमालांनी काम टाकलं आणि ते ऑफिसकडं आले. त्यांना झेंडे हवे होते, भोंगा हवा होता, मोर्चा काढायचा होता. रस्ता माणसांनी भरला. रामकिशनची बायको केवळाबाई पायरीवर बसली, तिच्या लुगड्याला नवऱ्याचं रक्त होतं.

निरोप गेले. भागवत स्कूटरवर आला. थोड्या वेळानं रेणापूरच्या गाडीतून उतरून शेषेराव आले. दोघांच्या मुठीत चाव्या होत्या.

"उघडा," रसूलभाई म्हणाले.

"मी तयार आहे," भागवत म्हणाला. "आधी त्यांनी उघडावं."

"आधी त्यानं उघडावं," शेषेराव म्हणाले. "मी माझं काढलं अन् हे पोरगं आत घुसून बसलं तर?"

"आणि मी काढलं, आणि तुम्ही त्या जागी दुसरं लावलं तर?"

"दोघं एकदम काढा," सिंधुताई ओरडल्या. "ही बाई बघा जरा!"

दोघं पुढं आले. शेषेरावांनी मला हातात घेतलं. भागवतनं माझ्या शेजाऱ्याला घेतलं. त्यांचे हात एकमेकांना लागत होते. चावी माझ्या पोटात शिरली. मी, संशयावर जगणारा, त्या क्षणी मनापासून म्हणत होतो, फिरव, बाबा, फिरव. पण शेषेरावांची नजर माझ्यावर नव्हती, भागवतच्या बोटांवर होती. भागवतची शेषेरावांच्या बोटांवर. हा फिरवतो का बघू, मग मी. दोघंही तसेच थांबले. घामेजलेले हात माझ्यावर दाबले जात होते आणि चावी हलत नव्हती.

केवळाबाई उठली. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमचं चालू द्या. माझा माणूस तिकडं दवाखान्यात एकला हाय."

रसूलभाईंनी तिला वाट करून दिली. मग ते हमालांकडं वळले. "चला. झेंडा न्हाई तर न्हाई. गळा तर हाय ना?"

त्यांच्या बायकोनं, बिलकीसबींनी, दुकानातून शिवायला आलेला लाल अस्तराचा कपडा पाठवला होता. कुणीतरी तो काठीला बांधला. बघता बघता सगळा रस्ता मोंढ्याकडं वळला. सिंधुताई केवळाबाईचा हात धरून पुढं होत्या. भागवतचे विद्यार्थी गेले, शेषेरावांचे शेतकरी गेले. आवाज लांब लांब जात राहिला.

दारात दोघंच उरले.

"गेले सगळे," भागवत म्हणाला.

शेषेराव पायरीवर बसले. त्यांनी तंबाखू काढली, मळली, तोंडात टाकायची विसरले.

"तुम्हीही जा तिकडं," भागवत म्हणाला. "स्कूटरवर सोडतो."

शेषेरावांनी त्याच्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं.

"तू हो पुढं," ते म्हणाले. "मी येतो मागून."

भागवत थोडं हसला, कडवट हसला, आणि तोही दुसऱ्या टोकाच्या पायरीवर बसला. ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघं मला आणि माझ्या शेजाऱ्याला राखत बसून राहिले.

मोंढा आठ दिवस बंद राहिला. अडत्यांना नमावं लागलं. रामकिशनच्या औषधपाण्याची जबाबदारी त्यांनी घेतली. हे मला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून कळलं. त्यानंतर युनियनच्या बैठका मोंढ्यातल्या ओट्यावरच होऊ लागल्या. या दाराकडं कुणी फिरकलं नाही.

शेवटी चंद्रप्पांनीच वेल्डिंगवाल्याला बोलावलं. त्यांच्याकडं क्लासवाले रोज जागा मागत होते. वेल्डिंगवाल्यानं विचारलं, "कोणतं तोडू?" चंद्रप्पा म्हणाले, "त्यांच्या कुलपाला हात नको लावू, उद्या माझ्या नावानं भांडतील. कोयंडाच काप." कोयंडा कापला आणि आम्ही दोघं, त्या तुकड्यात अडकलेले, एकदमच खाली पडलो.

त्या खोलीत क्लास आला. नंतर वर मजले चढले, होस्टेल झालं. आम्ही होस्टेलच्या कार्यालयातल्या एका खोक्यात पडून आहोत, मोडके नळ, पंख्याच्या पात्या, जुन्या पाट्या यांच्याबरोबर. माझ्या तोंडात धूळ बसली आहे. रोज मुलांचे आवाज ऐकतो. तिथंही कोण पहिला येणार, यावरून शेजारी शेजाऱ्याच्या वह्या झाकतो.

परवा रसूलभाई आले होते. आता खूप थकलेत, पण गळ्यात टेप आहेच. होस्टेलच्या पडद्यांची मापं घ्यायची होती. चंद्रप्पांनी खोकं पुढं सरकवून त्यांना आम्हाला दाखवलं. रसूलभाईंनी आम्हाला उचललं, उलटंसुलटं केलं.

"शेषेराव गेला मागच्या पावसाळ्यात," ते म्हणाले. "मी मातीला गेलतो रेणापूरला. भागवत बी आलता. मोठा माणूस झालाय, गाडीतून आला. रडला बी. मग मला बाजूला घेऊन म्हणतो कसा, 'रसूलभाई, आता तरी खरं सांगा, तेव्हा तुम्ही आतून कुणाच्या बाजूला होता?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, बाबा, तू अजून त्या दारातच हुबा हाईस व्हय?"

चंद्रप्पा हसले नाहीत. रसूलभाईंनी आम्हाला हळूच खोक्यात ठेवलं आणि खिडक्या मापायला गेले.

भंगारवाला येणार आहे, असं कालपासून ऐकतोय. मला त्याची भीती नाही. पितळ आहे, वितळेन, कुणाच्या तरी कामाला येईन. तुम्ही इतकं ऐकून घेतलंत, म्हणून एकच मागणं. भट्टीत टाकायच्या आधी कुठून तरी एखादी चावी लावून बघा, नाही बसली तर तारेनं खटपट करा, पण मला एकदा उघडा. असं मिटलेलं जायची माझी इच्छा नाही.